आठवा नंबर

निगडी प्राधिकरणातल्या आमच्या वार्षिक बुद्धिबळ स्पर्धेचा दबदबा मोठा, खेळाडू मात्र आठच. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतचे निवडून बोलावलेले आठ. जो आठवा येतो त्याला पुन्हा कधीच निमंत्रण जात नाही. हा नियम तेवीस वर्षांपूर्वी, पहिल्याच स्पर्धेत, चिखलीच्या मालोजीरावांनी करायला लावला. "शेवटी आलेल्याची कीव केली की स्पर्धेची जत्रा व्हईल," असं त्यांचं म्हणणं.

चौथ्या वर्षी स्पर्धा सुरू करणारे खुद्द दादासाहेबच आठवे आले. त्यांच्यापुरता नियम सोडा, असं सगळे म्हणाले, पण मालोजीराव हटले नाहीत. पुढच्या वर्षी दादासाहेब खेळाडूंना चहा देत फिरले, तेही हसतमुखानं. माझ्याच्यानं ते झालं नसतं. सहाव्या वर्षी मी आठवी आले, तर आठ दिवस कुणाशी बोलले नाही. मग मालोजीरावच घरी आले. "सुमनताई, आता पंच व्हा," म्हणाले आणि सगळे नियम त्यांनीच शिकवले. डाव चालू असताना खेळाडूला काही सुचवायचं नाही, हे तर माझ्याकडून घोकून घेतलं.

ते स्वतः एकही वर्ष चुकले नाहीत. जन्मभर लेथवर काम केलेला हा माणूस चार वेळा जिंकला. यंदा मात्र सत्तरी उलटलेली, आणि दुसऱ्या फेरीत मधेच मला विचारतात, "माझी पांढरी का काळी?" शेवटच्या फेरीआधी ते तळाला होते. बरोबरी झाली तर सातवे, हरले तर आठवे.

समोर मारुंजीचा प्रीतम, आयटीतला. त्याची दोन प्यादी जास्त होती. पण मालोजीरावांनी वजिरानं शह देऊन देऊन त्याचा राजा दोन घरांत नाचवला. पटावर तीच स्थिती तिसऱ्यांदा आली. आता मला हाक मारून बरोबरी मागायची, बस्स. पण ती मागावी लागते, आपोआप मिळत नाही. मालोजीरावांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. मी भिंतीकडे बघत राहिले. पंच ना मी! त्यांनी पुन्हा दोन शह दिले.

चौथ्यांदा तीच स्थिती. पाचव्यांदा आली की न मागताही डाव मलाच थांबवायचा होता. फक्त अजून दोन शह हवे होते. वजीर, मालोजीराव, वजीर, असं मी मनातल्या मनात ओरडत होते.

त्यांनी घोडा उचलला.

सहा चालींत मात झाली. प्रीतम पहिला आला, पण त्याला खुर्चीवरून उठवेना. "ताई, मी तरी काय करणार होतो?" म्हणाला. त्याला चार शब्द सुनवावेत असं फार वाटलं, पण त्याचा तरी काय दोष?

मालोजीरावांनी कागदावर सही केली आणि माझ्याजवळ आले.

"मजा आली, सुमनताई. फुडच्या वर्षी पत्र जरा लवकर धाडा. मी आतापासनंच तयारीला लागतो."

थट्टा करतात की काय, म्हणून मी त्यांच्या चेहऱ्याकडे निरखून बघितलं. थट्टा नव्हती. नियम त्यांच्या डोक्यातून पार पुसला गेला होता. डाव संपला होता, आता सांगायला मला कुणाचीच मनाई नव्हती.

"धाडते," मी म्हणाले.