भाताच्या कुकरखालचा डाग

मित्रांनो, स्वयंपाकघरात चौदा वर्षे काढली की ओटा जुनाच म्हणायचा. दक्षिण कोरियातल्या छंगजू शहरात, एका इमारतीच्या अकराव्या मजल्यावर मी उभा आहे. रंगाने पांढरा, निदान अजून लोक तसे म्हणतात. खरे सांगू का, मी फार थकलो आहे. पण तुम्ही ऐकायला बसलात, तेव्हा सांगतो.

मला दगड म्हणतात, पण मी डोंगरातून अखंड निघालेलो नाही. गारगोटीचा चुरा, त्यात चिकट राळ आणि रंग कालवून, दाबून, भाजून मला कारखान्यात तयार केले. चुरा कणखर, राळ मात्र नाजूक. जास्त उष्णता आणि कडक औषधे तिला सोसत नाहीत. विकताना हे कोणी सांगितले नाही.

या घरच्या ह्येरिमने मला दुकानात निवडले, तेव्हा तिच्या सासूबाई माल्सुनआजी शेजारी उभ्या होत्या.

"पांढरा? अगं, लाल तिखटात मुरवलेल्या कोबीची किमची खाणारं घर आपलं! त्यापेक्षा ओट्यावर चादर घाल आणि बाहेर जेव."

"आई, हा डाग पिऊन घेत नाही म्हणतात. तुम्ही उगाच काळजी करता."

विक्रेत्याने माझ्यावर किल्ल्या घासून दाखवल्या. चरा उठला नाही. मी तेव्हा फुगून गेलो होतो. मूर्खच होतो.

पहिली दोन वर्षे पाहुणे माझ्यावरून हात फिरवत आणि "काय चकचकीत!" म्हणत. पुढे कौतुक आटले. उकळत्या सुपाचे मातीचे भांडे रोज थेट माझ्या अंगावर आदळू लागले. भांड्याखाली ठेवायची लाकडी चकती हाताशी टांगलेली असे, पण ती काढायचे कष्ट कोण घेणार? एका कोपऱ्यात मी पिवळा पडलो. कोणी विचारले नाही, मीही बोललो नाही.

चार वर्षांपूर्वी माल्सुनआजींचे यजमान गेले आणि त्या इथे मुलाकडे, म्हणजे ह्येरिमच्या नवऱ्याकडे, राहायला आल्या. मुलाचे घर असले तरी त्या पाहुण्यासारख्या वावरत. आपला पेलासुद्धा विचारून घेत. फक्त नोव्हेंबरात त्यांचा आवाज चढे. तेव्हा किमजांग असते, म्हणजे हिवाळाभराची किमची एकदमच करायची. तीस कोबी न्हाणीघरातल्या टबात मिठात पडत. गुडघ्यांमुळे आजींना जमिनीवर बसता येत नसे, म्हणून मसाला भरायचे काम माझ्यावर चाले. ते चार दिवस आजी घराच्या मालकीण असत.

गेल्या वर्षी ह्येरिम कामावरून दमून आली आणि म्हणाली, "आई, या वर्षी एकदाच. नंतर दोन दिवस मलाच हा ओटा घासत बसावं लागतं. परत डाग पडले, तर पुढच्या वर्षीपासून किमची विकतच आणू."

आजी हसून "बरं" म्हणाल्या. पण लगेच फडके घेऊन माझ्यावरचा नसलेला डाग पुसू लागल्या.

त्या वर्षी मसाल्याचे घमेले माझ्यावर दिवसभर राहिले. उचलले, तर खाली लालभडक गोल कडे. खरे तर साध्या साबणाने आणि थोड्या खाण्याच्या सोड्याने हळूहळू घासले असते, तर ते गेले असते. पण आजींना धीर कुठला? दुसऱ्या दिवशी सगळे बाहेर पडल्यावर त्यांनी ब्लीचची बाटली काढली. इकडे कशालाही ब्लीचच लागते; फरशीची बुरशी असो की पांढरे मोजे. कागदी रुमाल ब्लीचमध्ये भिजवून त्यांनी त्या कड्यावर पसरले, वरून प्लास्टिकचा पातळ कागद घट्ट दाबला आणि संध्याकाळपर्यंत तसेच ठेवले. माझी राळ जळत होती. मला ओरडता आले असते, तर ओरडलो असतो.

संध्याकाळी कागद निघाला. लाल कडे गेले होते, पण तिथे भाकरीएवढा खरखरीत, मेलेला चट्टा उरला होता. आजींनी त्यावर बोट फिरवले, इकडेतिकडे पाहिले आणि विजेवरचा भाताचा कुकर उचलून त्यावर ठेवला.

"कुकर इथे का? वायर पुरत नाही," ह्येरिमने विचारले.

"इथे माझा हात पोचतो."

आठवडाभर वायर ताणलेली राहिली. मग रविवारी ह्येरिमने पुसायला म्हणून कुकर उचलला.

"आई! हे तुम्ही केलंत? आणि वर लपवलंत?"

"सांगितलं असतं, तर तू किमजांग बंद केलं असतंस."

"मग आता बंदच!" ह्येरिमने कुकर पुन्हा त्याच चट्ट्यावर आदळला, आणि तो तिथेच राहिला.

आजी आपल्या खोलीत निघून गेल्या. त्या दिवसापासून त्या स्वयंपाकघरात आल्या नाहीत. जेवायचे ताट खोलीत जाई, न्हाणीघरात धुतलेले परत येई. मला हवी होती ती विश्रांती अखेर मिळाली. कोणी काही आदळत नव्हते, सांडत नव्हते. पण मित्रांनो, अशी विश्रांती मी मागितली नव्हती.

यंदाच्या नोव्हेंबरात टबात पाणी पडल्याचा आवाज आला. ह्येरिमने तीस कोबी आणले होते. मग ती आजींच्या दाराशी जाऊन उभी राहिली.

"आई, कोबी मिठात किती वेळ ठेवायचे? विसरले."

"विसरलीस? तुला कधी येत होतं?"

"नव्हतं येत. म्हणून तर आलेय."

मग आतून आवाज आला, "आणि तुझा ओटा?"

"त्याचं राहू द्या. तुमच्याशिवाय मला हे जमायचं नाही, आई."

आजी बाहेर आल्या. माझ्यापाशी थांबल्या, डोळे पुसले आणि म्हणाल्या, "आधी तो कुकर जागेवर ठेव. वायर तुटेल एक दिवस."

तर मित्रांनो, माझी काळजी घ्या. गरम भांड्याखाली चकती ठेवा, सांडलेले लगेच पुसा, ब्लीच लांब ठेवा. थकलेल्या ओट्याची एवढीच विनंती आहे. पण मला इतकेही जपू नका, की घरातल्या कोणाला माझ्यावरचा डाग भीतीने झाकावा लागेल.