मंगळावरची वीस मिनिटं

आमच्या घरात सूर्यापुढे कुणाचं काही चालत नसे. तो मावळला की जेवण बंद, पाणीसुद्धा बंद. जैन घरांत हे असतंच. माहेरीही होतं, पण तिथे पोळ्या आई लाटायची. इथे जळगावात, सासरी, ते काम माझं. सून आली की आपण कणकेला हात लावणार नाही, असं सासूबाईंनी, म्हणजे धनकुंवरबाईंनी, अख्ख्या गल्लीला सांगून ठेवलं होतं.

त्यात मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. प्रॅक्टिकल पाचला सुटायचं. धापा टाकत घरी पोचेपर्यंत साडेपाच. चंद्रावर माणूस उतरला त्या वर्षीचा तो डिसेंबर, सूर्य सहाच्या आतच गडप व्हायचा. तेवढ्यात शेगडी पेटवा, कणीक मळा, भाजी टाका. एके दिवशी सासऱ्यांची दुसरी पोळी तव्यावर असतानाच सूर्य गेला. सासरे रिखबचंदजी अर्धपोटी उठले.

सासूबाई एरंडोलच्या. चिडल्या की अहिराणीवर येत.

"सूर्य काय तुना नोकर शे का थांबायला? कॉलेज नाहीतर स्वयंपाक. उद्या काय ते सांग!"

मला रडू येत होतं. तीन वर्षं घासली ती काय पोळ्यांसाठी? पण माझं तोंड गप्प बसेल तर शपथ.

"इथे नाही थांबत, बाई. चंद्रावर थांबतो. उगवला की चौदा दिवस मावळत नाही."

सासरे माझ्याशी थेट बोलत नसत. त्यांना काही विचारायचं असलं की ते भिंतीला विचारत आणि मी उत्तर सासूबाईंना देई.

"म्हणजे चौदा दिवस केव्हाही जेवायचं?" त्यांनी भिंतीला विचारलं. अर्धपोटी माणूस, डोळे चमकले.

"हो बाई. पण मग रात्रही चौदा दिवसांची. पाणीसुद्धा नाही."

भिंतीकडचा चेहरा उतरला.

"गुरूवर सगळं झटपट," मी म्हटलं. "दिवस-रात्र मिळून दहा तास. उजेड पाचच तास."

"पाच तासांत दोन्ही वेळचं?" सासूबाई कडाडल्या. "मग भांडी कधी घासायची?"

"शुक्रावर सूर्य दोन महिने वर असतो. फक्त उगवतो पश्चिमेला."

"पश्चिमेला? तिथे नाही राहायचं आपण."

जसं काही सामान बांधून ठेवलं होतं. राग विसरून त्या आता माझ्यासमोर पाटावर बसल्या होत्या.

"आपल्यासारखा कुठेच नाही?"

"मंगळ आहे. तिथला दिवस जवळजवळ आपल्याएवढाच. चाळीस मिनिटं जास्त. त्यातली अर्धी रात्रीत गेली तर उजेडाची वीस." मी तवा खाली उतरवला. "मला तेवढीच कमी पडतात, बाई. वीस मिनिटं."

त्या पाटावरून उठून निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी मी प्रॅक्टिकलला गेले, पण मनात ठरवूनच गेले की हे शेवटचं. कॉलेज सोडते, असं घरी सांगायचं. साडेपाचला दार ढकललं तर शेगडीतले कोळसे लालभडक. गवारीची भाजी झाकलेली. सासूबाई परातीपुढे बसलेल्या, कोपरापर्यंत कणीक, आणि चेहरा असा की कुणी चकार शब्द काढायची सोय नाही.

"बघतेस काय? ही तुझी मंगळावरची वीस मिनिटं. पोळ्या मात्र तूच लाटायच्या."

मी पोळपाट ओढला. डोळे पुसायला हात मोकळे नव्हते.

"आणि हे होळीपर्यंतच हं," त्या म्हणाल्या. "दिवस मोठा झाला की मी माझ्या पृथ्वीवर परत."

सासऱ्यांनी त्या दिवशी चार पोळ्या खाल्ल्या, सूर्याच्या साक्षीने. मग भिंतीला सांगितलं, की मंगळावरची भाजी जरा तिखट असते, पण चालेल.

होळी झाली. सूर्य साडेसहापर्यंत रेंगाळू लागला. माझी परीक्षा झाली, मी पासही झाले. सासूबाई अजून मंगळावरून परतल्या नव्हत्या.