देवमासा काठावरून दिसत नाही

राग मले गणपतीपुळ्याचा नाही. त्या देवानं माझं काय बिघडवलं? राग आहे तो आमच्या यायचा, म्हणजे नवऱ्याचा.

शाळेत मी जन्मभर विज्ञान शिकवलं. देवमासा हा मासा नाही, त्याले फुप्फुसं असतात, श्वास घ्यायले तो वर येते, मग फवारा उडते, असं दर वर्षी फळ्यावर काढून दाखवलं. पोरं विचारत, मॅडम, तुम्ही पाह्यला का? यवतमाळात कुठून पाहणार? रिटायर झाली तवा हे म्हणाले, आता तू म्हणशील तिथं जाऊ. मी म्हटलं, मले देवमासा पाहाचा आहे, जिवंत, श्वास घेताना. हे हो म्हणाले. स्वतःच्या तोंडानं हो म्हणाले, ध्यानात ठेवा.

मग मी कामाले लागली. मालवणकडच्या समुद्रात देवमासे येतात, पण दिसतीलच याचा काही भरवसा नाही, तिकडचे बोटवाले डॉल्फिनचंच बोलतात. लक्षद्वीपले जायचं तर परवानगीची भानगड. श्रीलंकेत मिरिसा नावाचं गाव आहे, तिथून हिवाळ्यात सकाळी सकाळी बोटी निघतात अन् नशीब चांगलं असलं तर निळा देवमासा दिसते. पासपोर्ट दोघायचेही काढलेले, कपाटात पडून. मी ठरवलं, मिरिसा.

तर यायले मिरिसा नको. एवढ्या दूर कायले? बरं, मालवण. तर तिथं म्हणे सगळीकडे मासळीचा वास. मी शाकाहारी खाणावळी शोधून दाखवल्या, तर म्हणे ऊन लागते. शेवटी म्हणाले, गणपतीपुळ्याले जाऊ, देवळासमोरच समुद्र आहे, पायरीवर बसू, दिसायचा असला तर तिथूनच दिसेल. विज्ञानाच्या मास्तरणीले सांगून राह्यले हे. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

एवढ्यावर भागलं असतं तर मी गिळलंही असतं. पण रविवारी लोहाऱ्याहून विमलताई आल्या, यायच्या मोठ्या बहीण. यायनं माझा हट्ट त्यायच्यासमोर मांडला. त्या पोट धरून हसल्या. देवमासा पाहून पुण्य लागते का वं शुभदा, म्हणाल्या. पुण्याहून पियूष फोनवर होता, आमचा पोरगा. तो म्हणे, आई, यूट्यूबवर पाहून घे, जवळून दिसते. सगळे हसले. हेही हसले, चष्मा पुसत पुसत. बाकीच्यायचं काही नाही, यायचं हसणं मले लागलं.

दुसऱ्या दिवशी कोणालेच न विचारता मी मिरिसाच्या बोटीतल्या दोन सीटा बुक केल्या अन् चहाच्या वेळी सांगून टाकलं. मले वाटलं, आता खर्चावरून तणतण होईल. यायनं कप खाली ठेवला.

"बोट केवढी असते?"

मोठी असते, म्हटलं. बाजूले कठडा असते का? असते. मग किनारा दिसत राहते का? नाही, किनारा मागं राहते. कपातल्या चहावर साय धरली तरी यायनं हात लावला नाही.

तवा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. नागपूरले अंबाझरी तलावावर आम्ही सगळे बोटीत बसलो, तवा हे काठावर सगळ्यायच्या चपला राखत बसलेले. ओंकारेश्वरले नाव सोडून पुलावरून चालत गेलते. मले इतकी वर्षं वाटे, कंजूष आहेत.

"तुम्हाले पाण्याचं भेव वाटते काय?"

यायनं हो म्हणून मान हलवली. लहानपणी बोरी अरब गावाले नदीत वाहून चालले होते, विमलताईनं केसाले धरून ओढून काढलं. त्या दोघायशिवाय कोणालेच माहीत नाही.

म्हणजे विमलताईले माहीत होतं. माहीत असून हसल्या. भावाची लाज झाकायले मले येड्यात काढलं, अन् हे चष्मा पुसत बसले. कीव यायले पाहिजे होती, राग दुप्पट झाला. भेव वाटते याचा राग नाही, माणसाले भेव वाटतेच. पण बायकोले सांगायले काय तोंडाले कुलूप होतं? हे सगळं मी यायले असंच्या असं ऐकवलं. अन् वरून म्हटलं, हसले चारचौघात, तर बोला बी चारचौघात.

पुढच्या रविवारी विमलताई आल्या. फोन साखरेच्या डब्याले टेकवलेला, त्यात पियूष. मी तुरीच्या शेंगा सोलत बसलेली. काय वं, गावला का मासा, असं ताईनं विचारलं. मी मान वर केली नाही. दाणे एका बाजूले, टरफलं एका बाजूले. मले वाटलं, हे आताही गिळतील.

"ताई, हसू नको," हे म्हणाले. "भेव मले आहे. तिले नाही. ती बोटीत जाईल, मी काठावर बसीन."

ताईचा चेहरा पडला. पियूष फोनमधून नुसता बाबा, बाबा करत राह्यला. मले रडू आलं, अन् रडू आलं याचाही राग आला. एवढंच बोलायचं होतं, अन् त्यासाठी माझं हसं केलं.

संध्याकाळी मी एक सीट रद्द केली. रागातच होती अजून. म्हटलं, पाह्यजा, काठावरून तुम्हाले काही देवमासा दिसणार नाही.

"नाही दिसला तर नाही," हे म्हणाले. "तू परत येतानी तर दिसशील."