कानामागे, काखेत, पाठीवर

आमच्या घरात कुणीही कुठलीही गोष्ट आधी लावून बघितल्याशिवाय वापरत नाही. हा आमचा गुण आहे असं मला परवापरवापर्यंत वाटत होतं.

सासूबाईंचं अख्खं आयुष्य पार्लरमध्ये बायकांचे केस रंगवण्यात गेलं. गिऱ्हाईक कितीही घाईत असलं, लग्न उद्यावर आलेलं असलं, तरी त्या आधी कानामागे रंगाचा एक ठिपका लावायच्या आणि म्हणायच्या, "आता घरी जा, परवा या." नवरा घरं रंगवतो. भिंतीला हात घालण्याआधी तो दरवाजामागे, जिथे कुणाची नजर जात नाही तिथे, वीतभर पट्टा मारतो आणि दुसऱ्या दिवशीच्या उजेडात तो बघतो. आणि मी ड्रायक्लीनिंगच्या दुकानात डाग काढते. भारीतल्या कपड्यावर औषध टाकायचं म्हटलं की आधी आतल्या शिवणीवर एक थेंब. रंग गेलाच तर निदान दिसत तरी नाही. म्हणजे बघा, धंदे तीन पण खोड एकच. लपवून लावायचं आणि गप्प बसून वाट बघायची.

भिंगरी आमची एकुलती एक. वय वर्षं चार. चालायला लागली तेव्हापासून स्वतःभोवती गोल गोल फिरायची, म्हणून हे नाव तिच्या आजीनं ठेवलं आणि तेच चिकटलं. तिची कातडी मात्र विचारू नका. साबण बदलला की लाल, फ्रॉकच्या मागची पट्टी घासली की लाल, आणि ऊन तर तिला अजिबात सोसत नाही. गेल्या उन्हाळ्यात बालवाडीत सगळ्या मुलांना कुठलंसं सनस्क्रीन लावलं, तेव्हा हिच्या गालांची अशी आग झाली की बाईंनी तिला नळाखाली धरूनच मला फोन केला. तेव्हापासून मुलं अंगणात खेळतात आणि ही टोपी घालून झाडाखालच्या बाकावर बसते. बाई कौतुकानं सांगतात, फार शहाणी आहे तुमची मुलगी, एका जागी बसते. मला ते कौतुक ऐकवत नाही. जिचं नाव भिंगरी, तिनं एका जागी कशाला बसायचं?

यंदा बालवाडीनं अंगणात पाण्याचा उथळ हौद मांडायचं ठरवलं. येत्या शनिवारी सगळ्यांनी पाण्यात खेळायचं. भिंगरीनं घरी येऊन आधी चपला काढल्या, मग विचारलं, मी जाणार ना? मी म्हटलं, तुला चालेल असं सनस्क्रीन सापडलं तर जायचं. पोरगी त्या दिवसापासून पोहण्याची टोपी उशाशी घेऊन झोपायला लागली.

कातडीच्या डॉक्टरीणबाई कमी बोलणाऱ्या. त्यांनी सांगितलं, आधी लांब बाह्यांचा पोहायचा सदरा आणि टोपी, भर दुपारी सावली, आणि जे अंग उघडं राहील तेवढ्यालाच सनस्क्रीन. बिनवासाचं, जिंकचं, पांढरं. फवाऱ्याचं नको, ते नाकातोंडात जातं. आणि अंगभर लावायच्या आधी हाताच्या आतल्या बाजूला थोडंसं लावून काही दिवस बघा. "एका वेळी एकच," असं त्या दोनदा म्हणाल्या, आणि दोन्ही वेळा माझ्याकडे बघून म्हणाल्या. माझ्या तोंडावर काय लिहिलेलं असतं देव जाणे.

औषधांच्या दुकानात गेले तर फळीवर नुसती जत्रा. प्रत्येक ट्यूबवर हसरं बाळ, नाहीतर बदक, नाहीतर मासा. पुढच्या बाजूला 'नाजूक त्वचेसाठी', आणि ट्यूब उलटी केली की मागे बारीक अक्षरांत सुगंध हजर. मी कपड्यांच्या आतल्या पट्ट्या वाचून वाचून डोळे बारीक करायला शिकलेली बाई, मी एकेक ट्यूब उलटी करून वाचत बसले. दुकानदार आधी मदत करत होता, मग कंटाळून दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेला. शेवटी सगळ्यात खालच्या फळीवर एक रूप नसलेली ट्यूब सापडली. चित्र नाही, वास नाही, उन्हाच्या दोन्ही प्रकारच्या किरणांपासून रक्षण आणि जिंक. तीच घेतली.

घरी नवऱ्यानं ती बोटावर घेऊन दोन बोटांत चोळली आणि म्हणाला, ही तर पुट्टी आहे. खरंच होतं ते. भिंगरीच्या हातावर लावली तर पांढरा डाग काही केल्या जाईना. सासूबाईंनी नाक मुरडलं, तोंडाला लावली तर पोर भूत दिसेल म्हणाल्या. मी म्हटलं, दिसू दे, हसतंखेळतं भूत मला चालेल.

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी आम्ही तिघं त्या इवल्याशा हाताभोवती जमायचो. भिंगरी हात पुढे करायची, आम्ही वाकून बघायचो. हात स्वच्छ. सगळं सुरळीत चाललं होतं, तिथेच थांबायला हवं होतं.

पण माझ्याबरोबर काउंटरवर बसणारीनं एक छोटीशी ट्यूब आणून दिली. तिच्या भाचीला चालते म्हणे, आणि लावली की दिसतही नाही. माझ्या डोक्यात लगेच चक्र सुरू झालं. सगळी मुलं आपल्या रंगाची आणि माझी पोर पांढरीफटक. मुलं हसली तर? ही पुन्हा बाकावर जाऊन बसली तर? आंघोळीनंतर दार लोटलं आणि तिच्या दंडाच्या आतल्या बाजूला, पार काखेजवळ, एक थेंब लावला. अगदी आतल्या शिवणीवर लावावा तसा. ती म्हणाली, आई, इथे का? मी म्हटलं, हे आपलं दोघींचं गुपित. आजीला आणि बाबांना सांगायचं नाही हं, सांगितलंस तर पाण्यात जायला नाही मिळणार. मी हसत म्हणाले होते. तिनं मान डोलावली, ती मात्र हसत नव्हती.

पुढचे दोन दिवस ती जरा गप्पच होती. वेणी घालू देईना, आंघोळही माझी मीच करणार म्हणून हटून बसली. पालथी झोपायला लागली. मी विचारलं, काही होतंय का गं? तर काही नाही. संध्याकाळी मात्र तपासायचा हात शहाण्यासारखा पुढे करायची, पांढऱ्या ट्यूबचा. तो स्वच्छ. सासूबाई खूश, नवरा खूश, मीही खूश. माझ्या मनात पाल चुकचुकली होती, पण शनिवार जवळ आला होता आणि मला वाईट काही बघायचंच नव्हतं.

तिसऱ्या दिवशी मीच तिला आंघोळीला नेलं आणि तिचे केस वर बांधले. उजव्या कानामागे लालभडक, आणि ती लाली मानेवरून खाली उतरलेली. सदरा काढला तर पाठीवर, खांद्याच्या जरा खाली, वीतभर लाल पट्टा. त्या पट्ट्याच्या कडा इतक्या सरळ होत्या की हे कुणाचं काम, हे विचारायची गरजच नव्हती.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पोरीला टॉवेलात गुंडाळून बाहेर आणलं आणि दोघांना समोर उभं केलं. सासूबाईंनी आधी कानावर हात ठेवले, मग हळूच कबूल केलं. पार्लरमधल्या मैत्रिणीनं दिलेलं होतं, छान वासाचं, एकच ठिपका लावला होता, कानामागे. नवऱ्याचं तर विचारूच नका. त्याच्या बरोबरचे लोक उन्हात परांचीवर चढताना अंगावर जो फवारा मारतात, तोच. एकदाच मारला होता, म्हणाला, आणि कडेनं चिकटपट्टी लावून मारला होता, म्हणजे इकडेतिकडे उडायला नको. वर हेही सांगितलं की पांढऱ्या पुट्टीत पोरगी बरी दिसली नसती. म्हणजे तिघांनाही तीच एक काळजी. मला तेव्हा ते सुचलं नाही. मी तोंडाला येईल ते बोलत सुटले. डॉक्टरीणबाई दोनदा सांगत होत्या, एका वेळी एकच, तुम्हाला माणसाचं पोर आणि भिंत यातला फरक कळत नाही का, वगैरे वगैरे.

नवरा खाली वाकून पाठ बघत होता. टॉवेल सरकला तसा त्याला दंडाच्या आतला लाल गोल दिसला. तो म्हणाला, "हा तिसरा कुणाचा?"

सासूबाईंनी भिंगरीकडे बघितलं. भिंगरीनं माझ्याकडे बघितलं आणि ओठ घट्ट मिटून घेतले. एवढी आग होत असताना, एवढा आरडाओरडा चाललेला असताना, ती माझं गुपित सांभाळत उभी होती.

"माझा," मी म्हणाले.

मी खाली बसले, तिचा चेहरा माझ्या चेहऱ्यासमोर येईल एवढी. विचारलं, खाजत होतं ना गं? तिनं हो म्हणून मान हलवली. केव्हापासून? तिला केव्हापासून ते सांगता येईना. मग सांगितलं का नाहीस मला?

"सांगितलं तर पाण्यात जायला नाही मिळणार," ती म्हणाली. "तूच म्हणालीस. आजीपण म्हणाली. बाबापण म्हणाले." मग माझ्या गळ्यात हात टाकून तिनं अगदी हळू आवाजात विचारलं, "मी कुणालाच नाही सांगितलं. आता जाऊ ना पाण्यात?"

आजवर लोकांच्या कपड्यांवरचे काय काय डाग मी काढलेत. त्या वाक्याचं काय करायचं ते मला कळेना.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत, हे जास्त लागलं. त्यांनी लावायला औषध दिलं, गार पाण्याच्या पट्ट्या ठेवायला सांगितल्या आणि कातडी पूर्ण शांत होईपर्यंत बाकी काही म्हणजे काही लावायचं नाही असं बजावलं. उन्हात नाही, हौदातही नाही. शनिवार गेला. ते मी तिला सरळ सांगितलं. म्हटलं, तुझी काही चूक नाही, आम्ही तिघं चुकलो. जे दुखतं, खाजतं, ते सांगितलं म्हणून पाणी कधीच बंद होणार नाही. ती रडली, तिच्याहून जास्त तिची आजी रडली. माझ्या बोलण्यावर तिचा विश्वास बसला असं मला वाटलं नाही. बसावा तरी कसा? चार दिवसांपूर्वी मीच नेमकं उलटं सांगितलेलं.

अंग निवळल्यावर ती रूप नसलेली ट्यूब पुन्हा काढायची वेळ आली. डॉक्टरीणबाईंनी तिलाच होकार दिला होता, पण आधी पुन्हा हातावर लावून बघायचं होतं. ट्यूब बघताच भिंगरीनं दोन्ही हात पाठीमागे लपवले. मी तिला ओढलं नाही. ट्यूब तिच्या हातात दिली आणि म्हटलं, आधी तू आम्हाला लाव, हवं तिथे.

सकाळची वेळ होती, खिडकीतून चांगला उजेड येत होता. आम्ही तिघं जमिनीवर ओळीनं बसलो. तिनं आजीच्या कानामागे लावलं, बाबांना सदरा काढायला लावून त्यांच्या पाठीवर लावलं, माझा हात वर करून काखेत लावलं. अर्धी ट्यूब संपली. मग स्वतःच्या हातावर, आम्हाला दिसेल असं, एक ठिपका. हात पुसून झाल्यावर ती सासूबाईंसारखी कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"आता घरी जा," ती म्हणाली, "परवा या."

सासूबाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

परवा आम्हा चौघांचीही तपासणी तिनंच केली. कुणालाच काही झालं नव्हतं. बाईंनी त्या महिन्यात हौद पुन्हा मांडला तेव्हा मी निघायच्या आधीच तिच्या तोंडाला, मानेला, पावलांना नीट जाड थर लावला, पाण्यातून बाहेर आली की परत लावायला ट्यूब बाईंकडे दिली, लांब बाह्यांचा सदरा चढवला. पोरगी नुकत्याच पांढरा हात मारलेल्या भिंतीसारखी दिसत होती. एका मुलीनं विचारलंच, तू पांढरी का? भिंगरी ऐटीत म्हणाली, माझे बाबा रंगवतात. मग त्या मुलीलाही पांढरं व्हायचं होतं. बाईंनी तिला कसंबसं समजावलं. मी इतके दिवस उगाच जीव टांगणीला लावून घेतला होता.

ती पाण्यात उतरली आणि गोल फिरायला लागली. स्वतःभोवती, हात पसरून, पाणी उडवत. आम्ही तिघं कुंपणापाशी उभे होतो. नवरा उगाचच शेजारच्या भिंतीचा रंग कसा उडालाय ते सांगत होता. मी त्याला बोलू दिलं.

आणि मग ती मध्येच थांबली. हौदातून बाहेर आली, पाणी निथळत सरळ माझ्याकडे धावत आली. "आई, खाजतंय."

मी गुडघ्यावर बसले, तिनं पाय पुढे केला. घोट्याच्या वर एक बारीकशी गांधी होती आणि मधोमध टोचल्याची खूण. सासूबाई वाकल्या, नवरा वाकला. डास चावला होता, बाकी काही नाही.

मी तिला तशी ओलीचिंबच जवळ घेतली. माझी अर्धी साडी भिजली, दुसऱ्या अर्धीवर जिंक लागलं, आणि ते डाग निघायला किती त्रास देतात ते मला पक्कं माहीत होतं. म्हटलं, बरं झालं सांगितलंस.

तिनं माझ्या तोंडाकडे नीट निरखून बघितलं.

"मग जाऊ ना पाण्यात?"

"जा," मी म्हणाले.