भाऊजींनी सुधारलेले शेवट

“अहो, जरा तोंड आवरा की! पडदा आम्हालाही दिसतोय.”

मागच्या खुर्चीवरची बाई माझ्या कानाशीच पुटपुटली. वळून तिचा हात हातात घ्यावा असं मला फार वाटलं. पण बोलणाऱ्या माणसाची मी सख्खी मेहुणी, तेव्हा ओळखदेख नसल्यासारखी समोर बघत बसले. भाऊजींवर परिणाम शून्य. “आता तो जिना चढतोय,” ते ताईला सांगत होते, “हातात पत्र आहे. शर्ट निळा. कॉलर बरी नाही बसलेली.” भाऊजी निवृत्त होईपर्यंत बसस्थानकावर गाड्यांच्या घोषणा करायचे. कुजबुजणं नावाचा प्रकार त्यांच्या घशाला कधी शिकवलाच गेला नाही.

हा त्या वर्षातला तिसरा सिनेमा. वर्षाच्या सुरुवातीलाच भाऊजींनी फर्मान काढलं होतं, की दर गुरुवारी दुपारी एक सिनेमा बघायचा आणि महिन्याला एक पुस्तक वाचायचं, तिघांनी मिळून. गुरुवारी आमचं दुकान बंद असतं. दुकान म्हणजे ताईची आणि माझी अल्टरेशनची एक खोली. लोक सुटतात आणि दोष कापडाला देतात, त्यावर आमचं पोट चालतं. मशीनवर मी, काज-बटण आणि हातशिलाई ताईची.

फर्मानाचं कारण भाऊजींनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. ताईच्या उजव्या दंडावर दारांच्या चौकटींचे काळेनिळे डाग पडायला लागले होते. आमच्या घरात त्याला ‘धांदरटपणा’ म्हणायचं ठरलं होतं. डॉक्टरांनी तपासून एक कागद दिला होता, तो भाऊजींनी तिला वाचून दाखवला: मोतीबिंदू, पिकला की काढतील, तोवर थेंब. विषय संपला. ताई इमानेइतबारे थेंब घालायची आणि अढीत घातलेल्या फळासारखा मोतीबिंदू पिकायची वाट बघायची. सप्टेंबरात पुन्हा तपासणी झाली, पुन्हा कागद आला. “अजून कच्चा आहे,” भाऊजींनी जाहीर केलं.

मी आठवीत शाळा सोडली, पण वही सोडली नाही. या वर्षीची वही चाळली तर माझा स्वभाव काही चांगला दिसत नाही. सिनेमा चौथा: नायिका तीन तास केस मोकळे सोडून हिंडते, एकदाही कशात अडकत नाहीत. सिनेमा दहावा: बापलेक शेवटी मिठी मारतात, आधीच मारली असती तर आम्ही चहाच्या वेळेला घरी आलो असतो. पुस्तक दुसरं: लेखकाला स्वतःचा फार कळवळा. पुस्तक चौथं: यातल्या नवऱ्याला दोन कानाखाली मारायची सोय नाही, एवढाच पुस्तकाचा दोष. मधेच कुठे ‘दोऱ्याची रिळं बारा’, ‘ताईला मऊ चप्पल’ असंही लिहिलेलं आहे.

सतरावा सिनेमा बरा होता. एक म्हातारा राहतं घर विकतो आणि पेटी घेऊन एकटाच निघून जातो. एवढंच. दुसऱ्या दिवशी दुकानात ताई काज घालता घालता म्हणाली, “मुलगी आली ते बरं झालं हो शेवटी.”

“कुणाची मुलगी?”

“अगं, त्या म्हाताऱ्याची! गाडीतून उतरली नाही का, लाल कोट घालून?”

मुलगी पहिल्या अर्ध्या तासातच परदेशी गेली होती आणि दिग्दर्शकाला तिची पुन्हा आठवणसुद्धा झाली नव्हती. मी भाऊजींकडे बघितलं. ते स्टुलावर बसून पुस्तकाची पानं उलटत होते, अगदी परीक्षेला बसल्यासारखे.

“काय भाऊजी, लाल कोट का?”

“मेहुणीबाई, तुम्हाला त्या वेळी डुलकी लागली होती,” ते म्हणाले. तोंडावर रेषसुद्धा हलली नाही.

मग मी कान देऊन ऐकायला लागले. बुडालेले पोहून वर येत होते. सोडून गेलेले नवरे पुढच्या स्टॉपवर उतरून परत फिरत होते. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात, रद्द झालेल्या गाड्यांबद्दल ‘थोड्याच वेळात सुटेल’ असं खणखणीत आवाजात सांगितलं, त्याच्याकडून दुसरी अपेक्षा तरी काय करायची? निदान तेव्हा पगार मिळत होता.

माझंही फार सोवळं नव्हतं. जूनपासून ताईची बटणं चुकायला लागली. एकदा तर पांढऱ्या शर्टावर तिने तपकिरी दोऱ्याने चार बटणं लावली आणि बोटाने चाचपून “झक्क बसलीत” म्हणाली. मी म्हणाले, “झक्क.” ती घरी गेली की मी बसून तिची बटणं उसवायची आणि पुन्हा लावायची. भाऊजी सिनेमे सुधारत होते, मी बटणं. ढोंगात आमच्या घराण्याचा हात कोणी धरू नये.

पुस्तकं भाऊजी दुकानात मोठ्याने वाचायचे. त्यांचं झालं की मी तेच पुस्तक घरी नेऊन स्वतः वाचायची, कारण आता कशाचीच खात्री उरली नव्हती. नोव्हेंबरात एक सहाशे पानांची कादंबरी संपली. तीन पिढ्या चालवलेली पिठाची गिरणी, तिला आग लागते, आणि ऐनवेळी गावकरी पाणी घेऊन धावतात, असं भाऊजींनी आवंढा गिळत वाचलं होतं. ताईने डोळे पुसले होते. मी वाचायला घेतली. चारशे बाराव्या पानावर खुणेचा कागद होता. भाऊजी त्याच्यापुढे गेलेच नव्हते. पुढची सगळी आग त्यांनी तोंडाने विझवली होती.

खुणेचा कागद डॉक्टरांचा होता, सप्टेंबरातला. अक्षर छापील, त्यामुळे चुकायला जागा नव्हती. मोतीबिंदू हा शब्द त्यात नव्हताच. काचबिंदू होता. उजवा डोळा गेलेला, परत येणारा नाही. डाव्याची कडेची नजर वेगाने कमी होतेय, थेंब पुरत नाहीत. ऑपरेशन तीन महिन्यांच्या आत, म्हणजे जे उरलंय ते तरी राहील. खाली तारीख. माझ्या हातात पाच आठवडे उरले होते.

मी भाऊजींना दुकानाबाहेर, पायरीवर गाठलं.

“हे काय?”

“कुठे मिळालं?”

“चारशे बाराव्या पानावर.”

ते लाजले. खरंच लाजले, आणि ते पुस्तक अर्धवट टाकल्याबद्दल. “शेवटी गिरणी जळते का हो?” त्यांनी विचारलं.

“राख होते. ताईला कधी सांगणार?”

“तुमची आई ऑपरेशनला आत गेली ती बाहेर आली नाही. ही तेव्हापासून साध्या इंजेक्शनलासुद्धा ऑपरेशन समजते. नाही म्हणेल आणि वर झुरत बसेल. त्यापेक्षा दिसतंय तोवर बघू दे चार सिनेमे.”

“काय बघतेय ती? तुमची थापेबाजी ऐकतेय!”

“मग तुम्ही सांगा,” भाऊजी म्हणाले, आणि त्यांचा तो खणखणीत आवाज पायरीवरच बसला. “सांगा ना. मी आड येणार नाही.”

मी भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, “मावशी, आईला टेन्शन देऊ नकोस, मी सुट्टीत आलो की बघू.” त्याची सुट्टी एप्रिलात. दिवटा. आणि मी? जगातल्या प्रत्येक लेखकाला खोटारडा ठरवणारी मी चार आठवडे बटणं उसवत राहिले. रोज ठरवायची, चहा झाल्यावर सांगू. रोज चहा व्हायचा. वहीत त्या चार आठवड्यांत एकही ओळ नाही.

डिसेंबरातला गुरुवार, मधले काही बुडाले ते सोडून बेचाळिसावा सिनेमा. कागदावरच्या तारखेला सहा दिवस. भाऊजींना सर्दी झाली होती. औषध घेऊन आले आणि मध्यंतरानंतर मान टाकून घोरायला लागले. हॉल जवळजवळ रिकामा होता.

ताईने माझा हात चाचपला. “काय चाललंय गं? मला नुसती एक फट दिसतेय मधली.”

‘फट’ हा शब्द तिने पहिल्यांदा उच्चारला. मी सांगायला लागले. मला सजवून सांगता येत नाही.

“बाई दवाखान्यात बाकावर बसलीये. नर्स आली. नर्सच्या हातात नवऱ्याचे बूट आहेत.”

“नुसते बूट?”

“नुसते.”

“मग?”

“मग काही नाही. बूट मांडीवर घेऊन बसली. आता रस्त्यावर आलीये. बस आली. चढली. खिडकीपाशी जागा मिळाली.”

“कोणी आलं नाही?”

“कोणी नाही. नावं यायला लागली.”

दिवे लागले. समोरच्या दोघी उठून गेल्या. ताई जागची हलली नाही.

“तुझ्या सिनेमात माणसं मरतात बाई,” ती म्हणाली. मग खुदकन हसली. “ह्यांच्यात दर वेळी कोणी तरी गाडीतून उतरतं. सगळा हॉल हुंदके देतोय आणि हे मला सांगतात, लग्न लागतंय. मला काय कळत नाही?”

“मग बोलली का नाहीस?”

“एकदा धरलं असतं, तर सगळंच खरं सांगा म्हणावं लागलं असतं. माझी हिंमत नव्हती.” तिने पदर नीट केला. “आणि रंगीत रिळं हाताला सारखीच लागतात, चिमणे. माझी बटणं तू उसवतेस तेही मला ठाऊक आहे. सकाळी गाठ निराळी लागते हाताला.”

ती माझ्याकडे वळली.

“डॉक्टरांच्या कागदात खरं काय आहे?”

“ताई, घरी जाऊ, चहा—”

“चहा गेला खड्ड्यात. आत्ता सिनेमा सांगितलास ना, तस्सं सांग. कोणाला गाडीतून उतरवू नकोस.”

शेजारी भाऊजींचं घोरणं थांबलं होतं. डोळे मात्र त्यांनी घट्ट मिटून ठेवले होते.

“मोतीबिंदू नाहीये ताई, काचबिंदू आहे,” मी म्हणाले. “उजवा डोळा गेला, तो आता येणार नाही. बुधवारच्या आत ऑपरेशन झालं नाही, तर डावाही जाईल आणि तू आंधळी होशील.”