विजेरीच्या तोंडचे शब्द

नव्या ‘विजेरी’चा पहिला अंक ताईने विकत घेतला नाही. दुकानात उभ्या उभ्या, फुकट वाचला. ज्या चित्रकथेतला शब्दन् शब्द एकेकाळी आपण लिहिला, ती विकत घ्यायची म्हणजे स्वतःच्याच घराची बेल वाजवून ‘येऊ का आत?’ विचारण्यासारखं झालं.

विजेरी म्हणजे तळहातांतून वीज सोडणारी मुलगी. दिवसा पंक्चर काढायची, संध्याकाळी शहर वाचवायची. तिला घडवलं दोन बहिणींनी. धाकटीने चित्रं काढली आणि ताईने प्रत्येकाच्या तोंडी शब्द घातले. विजेरीलाही एक थोरली बहीण होती, आक्का. ही आक्का उडायची नाही की कुणाला बुकलायची नाही. विजेरीचा जळका झगा रफू करत बसायची आणि टाके घालता घालता तिला फैलावर घ्यायची. वाचक जीव टाकायचे विजेरीवर, पण पाठ असायची ती आक्काची बोलणी.

मालिका बंद पडली, बरीच वर्षं गेली, आणि आता नव्या प्रकाशनाने ती पुन्हा पहिल्यापासून सुरू केली होती. या पहिल्याच अंकात आक्का खलनायिका झाली होती.

अंबाड्यात खोचलेली पेन्सिल, दोरीला लटकणारा चष्मा, डावी भुवई वर. ताईचा हात नकळत स्वतःच्या अंबाड्याकडे गेला. पेन्सिल होती.

“बाई, वाचून झाला असेल तर...” दुकानदार म्हणाला. मग त्याने ताईकडे पाहिलं, हातातल्या पानाकडे पाहिलं, पुन्हा ताईकडे पाहिलं, आणि उरलेलं वाक्य गिळून टाकलं.

आपलं तोंड उचलून आक्काला लावलं, हे एक वेळ ताईने हसण्यावारी नेलं असतं. जुनी जखम वेगळीच होती. आई अंथरुणाला खिळली तेव्हा ताई तिच्या उशाशी बसली. त्याच काळात नव्या प्रकाशनाने धाकटीला बोलावलं, आणि धाकटीने एका मुलाखतीत सांगून टाकलं, “ताई आता लिहीत नाही.” ताईला विचारलं नाही, सवरलं नाही. आईला पेज भरवता भरवता ताईने ते छापलेलं वाचलं होतं. आई गेली, आणि दोघींमधलं बोलणंही तिच्याबरोबरच गेलं.

लिहीत तर ताई होतीच. घरगुती यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीत ती सूचनापत्रकं लिहायची. ‘झाकण घट्ट बसल्याची खात्री केल्याशिवाय बटण दाबू नये.’ वाक्य बिनचूक होतं, पण ते पाठ करायला कुणी बसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ताईने डबा उघडला आणि शेजारी फोन उभा करून ठेवला. वाचक तुटून पडले होते.

‘ही विजेरी? ही तर कर्ज हवंय का म्हणून फोन करणाऱ्या बाईसारखी बोलते.’

‘“तुझा अंत समीप आला आहे!” म्हणे. आमची विजेरी म्हणाली असती, “सरक बाजूला, मला उशीर होतोय.”’

‘चित्रं देखणी, पण तोंड उघडलं की सगळं मुसळ केरात.’

‘आक्काला खलनायिका करणाऱ्याचे हात झडोत.’

‘हात का? हातांनी चांगलं काम केलंय. डोकं झडो.’

‘मला तर हीच आक्का आवडली बुवा. बाईच्या नजरेत जरब आहे. विजेरी नुसती मेणाची बाहुली.’

एकाने अंक दुकानात परत नेऊन आपटल्याचा फोटो टाकला होता. एका बाईने लिहिलं होतं की लहानपणी तापात पडलेली असताना आक्काची बोलणी वाचून तिला घरचं कुणीतरी जवळ बसल्यासारखं वाटायचं. ते ताईने घाईघाईने वर सरकवलं. आज तिला रडायचं नव्हतं, जेवायचं होतं. एकेका शिवीसरशी घास गोड लागत होता.

“लॉटरी लागली का गं?” समोरच्या टेबलावरच्या मैत्रिणीने विचारलं.

“त्याहून बरं. दुसऱ्याच्या गॅसवरचं दूध उतू गेलं.”

आठवडा उलटायच्या आत नव्या प्रकाशनाचा संपादक ताईच्या ऑफिसात येऊन बसला. घाम पुसत म्हणाला, “ताई, वाचक आमची सालटी सोलतायत.”

“वाचलं. छान सोलतायत.”

“नव्या लेखकाला नारळ दिला. पण दुसऱ्या अंकाची चित्रं सगळी तयार आहेत, ती बदलायला आता वेळ नाही. आम्ही फक्त संवादाचे फुगे कोरे करून घेतलेत. तुम्ही दोघी पूर्वी असंच काम करायचात ना? आधी चित्र, मग शब्द?”

करायच्या खऱ्या. बाकी सगळीकडे आधी कथा लिहितात, मग चित्रकार बसतो. या दोघींचं उलटं होतं. धाकटी मनाला येईल ते काढायची, सगळ्यांची तोंडं उघडी ठेवायची आणि पानं ताईपुढे टाकून विचारायची, “हे काय बोलतायत गं?” आणि ताईला ते ऐकू यायचं.

“पण मी आता लिहीत नाही,” ताई म्हणाली. “छापून आलंय तसं.”

“ते तेवढं सोडा हो, ताई.”

“सोडते. दोन अटी आहेत. माझा शब्द कुणी बदलायचा नाही. आणि फुग्यांतली अक्षरं धाकटीनेच काढायची. पूर्वीसारखी, हाताने.”

बुडत्याला काडीचा आधार. संपादकाने काडी कशाची आहे ते न बघताच ती धरली.

संध्याकाळी ताईने जेवणाच्या टेबलावर पानं मांडली. पाण्याच्या टाकीवरची शेवटची लढाई. आक्का हरली होती. विजेरीपुढे गुडघे टेकून, मान खाली घालून, एक हात पुढे करून बसली होती. विजेरी ताठ उभी, तोंड उघडं, चेहऱ्यावर नुसता मोठेपणा ओसंडत होता.

“म्हणजे माफी मागणार मी,” ताई रिकाम्या घराला म्हणाली, “आणि मोठ्या मनाने देणार ही. वा गं वा!”

तिने अंबाड्यातली पेन्सिल उपसली. गुडघे टेकलेली बाई माफीच मागते असं कुठे लिहिलंय? झग्याची उसवलेली कड बघायलाही गुडघे टेकावेच लागतात. ताईने आक्काच्या पहिल्या फुग्यात लिहिलं, ‘हलू नकोस. शहर वाचवतेस आणि शिवण सांभाळता येत नाही?’ एवढ्याने सगळं पान फिरलं. पुढे केलेला तो हात आता भीक मागत नव्हता, झगा ओढत होता. मोठेपणाने उघडलेलं विजेरीचं तोंड आता बोलू की नको म्हणून उघडलेलं दिसत होतं. रेघ एकही बदलली नव्हती.

मग ताईने विजेरीला बोलतं केलं. एकेक शब्द खारवून, सावकाश.

दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी धाकटी ताईच्या दारात उभी राहिली. काखेत पानांची गुंडाळी, हातात शाईची बाटली.

“हे मी लिहिणार नाही.”

“मग कोरंच छापा. वाचक आधीच प्रेमात आहेत तुमच्या.”

“ताई, सूड उगवतेयस.”

“ओळखलंस? बरं झालं. मला वाटलं, पुसट लिहिलं गेलं की काय.”

धाकटी आत येऊन खुर्चीत धपकन बसली. “मी पानं घेऊन यायचे तुझ्याकडे. दारातूनच सांगायचीस, आई झोपलीय, नंतर ये. नंतर म्हणजे कधी, ताई? ते लोक रोज फोन करायचे. शेवटी तोंडातून गेलं.”

“आणि खलनायिका? तीही तोंडातून गेली?”

“खलनायिका त्या लेखकाची. तोंड तेवढं माझ्या हातून झालं. थोरली बहीण काढायला बसले की माझ्या हाताला दुसरं तोंड येतच नाही. किती वेळा पुसून काढलं. नाक बदललं, तरी तूच.” तिने शाईची बाटली टेबलावर आदळली. “समोर बसली असतीस तर आठवणीतून काढावं लागलं नसतं.”

ताईने गुंडाळी सोडून पानं टेबलावर पसरली. मग म्हणाली, “भाषण सुरेख आहे. पण फुग्यात मावणार नाही. लिही.”

धाकटीने पेन शाईत बुडवलं. ताई पाठीमागे उभी राहिली, शाळेत बाई उभ्या राहतात तशी. अक्षरं उमटत गेली, तीच जुनी, गोल, जराशी उजवीकडे कललेली. ‘मी सगळ्यांना सांगितलं, आक्का संपली. तू आईच्या उशाशी होतीस आणि मी तुझी जागा पुसून टाकली. विचारायचं धाडस नव्हतं, म्हणून परस्पर सांगून मोकळी झाले.’

पेन थांबलं.

“पुढचं वगळू का? ‘खोटं बोलले मी’ एवढंच आहे. वाचकांना ते न लिहिताही कळतंय.”

“वाचकांना कळतंय. मला वाचायचंय.”

धाकटीने लिहिलं. लिहिताना तिची मान इतकी खाली गेली की मानेवरचे पिकलेले केस ताईला दिसले. हे कधी पिकले? बघायला आपण नव्हतो. ताईने शाईची बाटली धाकटीच्या कोपरापासून लांब सरकवली. धाकटीने आजवर कधी ती नीट जागी ठेवली नव्हती. खांद्यावर मात्र हात ठेवला नाही. ठेवावासा वाटला, म्हणून तर हाताची घडी घातली.

शेवटच्या चौकटीत फक्त आक्काचा चेहरा होता. डावी भुवई वर, ओठ किंचित उघडे, आणि वर कोरा फुगा.

“इथलं राहिलंय,” धाकटी वर न बघता म्हणाली. “विजेरीने कबूल केलं. आक्का काय म्हणते?”

ताईला ऐकू येत होतं. एकच नाही, दोन-तीन उत्तरं एकदम ऐकू येत होती, आणि त्यातलं एक फार मऊ होतं. ते पेन्सिलीपर्यंत आलं, तसं ताईने पेन्सिल परत अंबाड्यात खोचली.

“काही म्हणत नाही. फुगा कोरा जाऊ दे.”

“कोरा? उघड्या तोंडावर कोरा फुगा? ताई, वाचक फाडून खातील! महिनाभर डोकं उठवतील, काय म्हणाली, काय म्हणाली करून.”

“उठवू देत. बसू देत महिनाभर वाट बघत.”

धाकटीने आता मान वर केली. डोळे भरले होते, नाक लाल झालं होतं, बोटांना शाई लागली होती. “आणि मी?”

“तू पण,” ताई म्हणाली. “रांगेत सगळ्यात शेवटी.”