बर्फातली डबी

बर्फवाला गेला, त्याचा कारखानाही बंद पडला. बायकोने साठी ओलांडली. पण दवाखान्यातला तो दिवस आठवला की ती अजून एकटीच गालात हसते.

लग्नाला बरीच वर्षं होऊनही घरात पाळणा हलला नव्हता. धाकट्या जावेची पोरं हिच्या अंगाखांद्यावर खेळायची आणि झोप आली की आईकडे पळायची. शेवटी दोघं डॉक्टरीणबाईंकडे गेली.

बाईंनी नीट समजावलं. "नवऱ्याचं वीर्य धुऊन त्यातले चपळ शुक्राणू तेवढे निवडायचे. स्त्रीबीज बाहेर पडायच्या सुमाराला ते बारीक नळीने थेट गर्भाशयात सोडायचे. आम्ही फक्त वाट जवळ करून देतो. पुढचं त्यांचं त्यांनी बघायचं."

"म्हणजे माल पोचवायचं काम तुमचं," बर्फवाला म्हणाला. त्याला ते लगेच पटलं.

दवाखान्यात नमुना द्यायला मात्र तो लाजला, म्हणून नर्सने डबी घरी न्यायला दिली. "लवकर आणा हं, खराब होतं," एवढंच तिने बजावलं.

ठरल्या दिवशी बायको पुढे गेली. मागून हा घामाघूम होऊन आला, हातात थर्माकोलची पेटी. नर्सने झाकण उघडलं. कुटलेल्या बर्फात डबी गळ्यापर्यंत पुरलेली!

"अहो दादा, हे काय केलंत?"

"खराब होतं म्हणालात ना! मासे म्हणा, फुलं म्हणा, आमच्या बर्फात सगळं ताजं राहतं."

"हे मासे नव्हेत! याला अंगाची ऊब लागते."

डॉक्टरीणबाईंनी थेंब यंत्राखाली पाहिला आणि मान हलवली. कामाचं काही उरलं नव्हतं.

बीज वाढवायच्या सुया टोचून घेऊन बायकोचं अंग विटलं होतं. हा महिना हुकला तर पुन्हा इथली पायरी चढायचं बळ तिच्यात नव्हतं.

"दुसरा नमुना इथेच द्या, आत्ता," बाई म्हणाल्या. "खोली आहे, कडी आहे."

त्याचे कान लाल झाले. "मला नाही जमायचं गं."

"लग्न झालं तेव्हाही असंच म्हणाला होतात," ती बोलून गेली, आणि नर्सला हसू आवरेना.

ती दाराबाहेर बाकावर बसली. आतून आवाज आला, "आहेस ना?"

"आहे हो! मी कुठे पळून जातेय?"

नळीचं काम चिमटा काढल्यासारखं झालं. नंतर ती पडून होती, तेव्हा तो शेजारी चोरासारखा बसला. "बर्फात ठेवायला नको होतं," असं पुटपुटला आणि स्वतःच हसत सुटला. तीही हसली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

त्या खेपेला दिवस राहिले नाहीत. मुलगी झाली ती पुढच्या खेपेची. पण त्या पुढच्या खेपेला चपला घालून दारात आधी उभी होती ती बायकोच. "चला, आटपा," म्हणत होती.